गृहपाठाचे ओझे आणि न समजण्याचे ओझे

(पालक-शिक्षकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



'महामारीच्या काळातील गृहपाठ आणि विद्यार्थ्यांवरील ताण' हा विषय संयोजकांनी मला दिला, तेव्हा पहिली शंका माझ्याच मनात आली. साथ ओसरली, शाळा केव्हाच गजबजल्या; मग या शिळ्या कढीला ऊत आणण्याचे प्रयोजन काय? प्रयोजन आहे, आणि ते आपल्या घरात, आपल्या वर्गात बसलेले आहे. जून २०२० मध्ये शाळेची पायरीही न चढता ज्या बालकांचे नाव पहिलीच्या हजेरीपटावर चढले, ती २०२५-२६ या वर्षात सहावीत पोहोचली. त्या वेळी सहावीत असलेली मुले त्याच वर्षी अकरावीत गेली. त्यांच्या वह्या आज उघडून पाहिल्या, तर त्या काळाचे ठसे पानोपानी दिसतात. म्हणून मी इतिहास सांगायला उभा नाही. आज रात्री घरी गेल्यावर मुलाच्या वहीकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहणार आहोत, एवढाच माझा विषय आहे.

प्रथम काळाचे भान घेऊ. महाराष्ट्रातील शाळा मार्च २०२० च्या मध्याला बंद झाल्या. मधल्या काळात वरचे वर्ग काही ठिकाणी उघडले आणि दुसऱ्या लाटेत पुन्हा मिटले. ४ ऑक्टोबर २०२१ पासून ग्रामीण भागात पाचवीपासून पुढचे आणि शहरांत आठवीपासून पुढचे वर्ग भरू लागले. धाकट्यांना डिसेंबर २०२१ पर्यंत थांबावे लागले, आणि महिनाभरातच जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनमुळे शाळांना पुन्हा कुलूप लागले. म्हणजे २०२० साली पहिलीत गेलेले मूल वर्गात बाकावर बसले, तेव्हा त्याची दुसरी अर्ध्याहून अधिक सरली होती. अक्षरओळख, जोडाक्षरे, पाढे, हातच्याची बेरीज-वजाबाकी हे सगळे ज्या दोन वर्षांत व्हायचे, ती दोन वर्षे त्याने एका हाताएवढ्या पडद्यासमोर काढली होती, तीही घरात फोन असेल तर.

आता त्या काळात गृहपाठाचे काय झाले, ते पाहा. एरवी गृहपाठ हा तीन पावलांमधला मधला टप्पा असतो. वर्गात बाई शिकवतात, मूल घरी करून पाहते आणि दुसऱ्या दिवशी बाई वही तपासतात. यात चूक कुठे झाली हे कळते, दोघांनाही कळते. महामारीत पहिले आणि तिसरे पाऊल गळून पडले, मधले तेवढे उरले. सकाळी गटावर धड्याची पाने येत, खाली 'स्वाध्याय पूर्ण करून फोटो पाठवा' अशी सूचना असे. वडील कामाला जाताना फोन घेऊन जात, ते रात्री परतल्यावर दोन भावंडांत त्या एकाच फोनची वाटणी होई. दहा-साडेदहाला पेंगुळलेले मूल प्रश्नोत्तरे उतरवून काढी. आई दिव्याखाली वही धरून फोटो घेई, फोटो पुसट आला म्हणून पुन्हा घेई. पलीकडे शिक्षकाच्या फोनवर पन्नास-साठ वह्यांचे असे फोटो साचत. बोटांनी ताणून ताणून ते वाचायचे तरी किती? त्यातही कित्येक शिक्षक सर्वेक्षणासाठी, तपासणी नाक्यांवर, शिधावाटपाच्या देखरेखीला जुंपले गेले होते. शेवटी त्या फोटोखाली एक अंगठ्याचे चिन्ह उमटे, आणि गृहपाठ 'झाला' असे धरले जाई.

मी येथे कोणाला दोष देत नाही. आईचा नाही, शिक्षकाचा तर नाहीच. पण मुलाने यातून काय शिकले असेल? आपण काय लिहितो हे कोणी वाचत नाही, पान भरले की सुटका होते, हे त्याच्या मनावर ठसले. आणि ज्याला उतरवूनही काही उमगत नव्हते, त्याला आणखी एक गोष्ट कळली, की आपल्याला काही येत नाही हे कोणाच्या लक्षातही येत नाही. त्या वयात हा एकटेपणा फार असतो.

पुण्या-मुंबईच्या सदनिकांत बसून आपण समजत होतो की, सारा देश संगणकावर शिकतो आहे. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीने २०२१ मध्ये ग्रामीण भारताचे चित्र मांडले. शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०१८ मध्ये हेच प्रमाण ३६.५ टक्के होते, म्हणजे लोकांनी पोटाला चिमटा काढून फोन घेतले. परंतु ज्यांच्या घरी फोन होता, त्यांतील २६ टक्के मुलांच्या हाती तो पडतच नव्हता.

केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये 'प्रज्ञाता' नावाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. पहिली ते आठवीसाठी दिवसाला तीस ते पंचेचाळीस मिनिटांच्या दोनच तासिका, नववी ते बारावीसाठी चार, अशी मर्यादा त्यांत सुचवली होती. हेतू उत्तम होता. व्यवहारात मात्र तासिका संपली की गृहपाठाच्या नावाखाली तोच पडदा पुन्हा सुरू होई. त्याचा हिशेब कोण ठेवणार?

याच काळात काही मंडळींनी वेगळी वाट धरली, तिची आठवण ठेवली पाहिजे. जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका लागली. घरातल्या वस्तू घेऊन, घरातल्या माणसांबरोबर करायच्या कृती तिच्यात होत्या. पालघर जिल्ह्यात आदिवासी पाड्यांवर ध्वनिक्षेपक नेऊन 'बोलकी शाळा' भरवली गेली. सोलापूरच्या नीलमनगर भागात आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. मूल दाराबाहेर आले की समोर धडा. या प्रयत्नांनी शाळेची जागा भरून निघाली असे मी म्हणणार नाही. पण तिथे मुलाच्या शेजारी एक जिवंत माणूस होता. कोणीतरी विचारत होते, कोणीतरी ऐकत होते. फोटो पाठवून मोकळे व्हायची सोय तिथे नव्हती.

ताणाकडे वळतो. एनसीईआरटीने जानेवारी ते मार्च २०२२ या काळात देशभरातील सहावी ते बारावीच्या सुमारे ३ लाख ८० हजार विद्यार्थ्यांची पाहणी केली. त्यांतील ८१ टक्के मुलांनी आपल्या चिंतेचे कारण म्हणून अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांकडे बोट दाखवले. हा आकडा वर्तमानपत्रांतून गाजला. माझे लक्ष मात्र त्याच पाहणीतल्या दोन लहान आकड्यांवर खिळले. ५१ टक्के मुलांना पडद्यावरून शिकवलेले समजून घेणे जड जात होते, आणि २८ टक्के मुलांना प्रश्न विचारायला संकोच वाटत होता. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. समजत नाही आणि विचारवत नाही. ताणाची मुळे तिथे आहेत. गृहपाठाच्या पानांची संख्या हा त्याचा वरचा देखावा झाला.

ही गोष्ट आपल्या देशाला नवी नाही. ख्यातनाम लेखक आर. के. नारायण यांनी १९८९ मध्ये राज्यसभेत दप्तराखाली वाकलेल्या मुलांची कैफियत मांडली होती. पुढे प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९९३ मध्ये तिचा अहवाल आला. दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचे ओझे अधिक घातक असते, हे त्या छोटेखानी अहवालाचे सार. प्राथमिक वर्गांत मुलाला घरच्या परिसरात काही शोधायला लावण्यापलीकडे गृहपाठ असू नये, असेही त्यांनी सुचवले होते. अहवाल कपाटात राहिला आणि सत्तावीस वर्षांनी महामारीने तोच धडा अधिक कठोरपणे शिकवला. दप्तर तर त्या काळात कोणाच्याच पाठीवर नव्हते! तरी मुले वाकली.

आता मी जरा वर्गाच्या आत शिरतो, कारण खरा प्रश्न तिथे आहे.

अभ्यासिकांमध्ये मी जातो तेव्हा सहावी-सातवीची मुले 'गणित आवडत नाही' असे सरसकट सांगतात. एका मुलीला दशांश अपूर्णांकांची वीस उदाहरणे गृहपाठाला होती. ती तासभर वहीपुढे बसून होती आणि तीन उदाहरणे झाली होती, तीही चुकलेली. तिला अपूर्णांक कळत नव्हते का? भाकरीचे चार तुकडे करून त्यांतले तीन किती, हे तिने झटकन सांगितले. पाऊण किलो डाळ म्हणजे किती ग्रॅम, तेही सांगितले, कारण दुकानात तीच जाते. अडत होते सातच्या पाढ्याशी. सहा सत्ते किती, हे काढायला ती बोटांवर बेरीज करीत होती, आणि मध्येच हातचा विसरत होती. दशांशचिन्हाचा त्यात काडीचा दोष नव्हता.

पाढा का आला नाही? पाढा ही एकट्याने, चार भिंतींत पाठ करण्याची वस्तूच नव्हे. आपण सारे कसे शिकलो? दुपारची सुट्टी संपल्यावर सारा वर्ग एका सुरात म्हणायचा, 'सात एके सात, सात दुणे चौदा'. ज्याला येत नसे तो आधी नुसते ओठ हलवी, मग शेवटचा शब्द पकडी आणि महिन्याभरात सगळा पाढा त्याच्या जिभेवर बसे. त्या सामूहिक घोषात अडखळणाऱ्याला आडोसा असतो. मोबाइलवर चाळीस मुलांनी एकदम पाढा म्हणून पाहिला असेल, तर काय गोंधळ होतो हे येथील शिक्षक जाणतात. शेवटी सगळ्यांचे आवाज बंद करावे लागत.

भाषेचीही तीच कथा. 'प्रकाश' ऐवजी 'परकाश', 'सूर्य' ऐवजी 'सुरय' असे लिहिणारी मुले पाचवीत, सहावीत भेटतात. प्र मधला र आणि र्य मधला र वेगवेगळ्या जागी का बसतो, हे फळ्यावर हात फिरवून, मुलाकडून मोठ्याने वाचवून घेऊनच कळते. अक्षर जोडताना बाई त्याच्या मागे उभ्या राहून बोट धरतात, ते बोट त्या दोन वर्षांत कोणी धरले नाही. आणि आज त्याच मुलाला इतिहासाची दहा दीर्घोत्तरे गृहपाठाला मिळतात. ते काय करणार? मार्गदर्शक पुस्तक उघडून उतरवणार. पालक म्हणणार, 'आळशी आहे'. शिक्षक म्हणणार, 'घरी लक्ष देत नाहीत'. दोघेही प्रामाणिकपणे म्हणतात, आणि मूल मध्ये सापडते.

शाळा उघडल्यावर आपण सर्वांनी 'भरपाई' हा शब्द उचलला. शासनाने सेतू अभ्यासक्रम आणला, तो उचितच होता. परंतु बहुतेक घरांत आणि पुष्कळ शाळांत भरपाईचा अर्थ दुप्पट गृहपाठ आणि संध्याकाळची शिकवणी असा झाला. न पचलेल्या अन्नावर आणखी दोन पोळ्या वाढण्याचा हा प्रकार. पायाचा दगड निसटला असेल तर वरच्या मजल्यावर विटा वाढवून इमारत सावरत नाही.

आणि गंमत अशी की, याच महामारीच्या वर्षात, २०२० च्या अखेरीस, केंद्राचे शालेय दप्तराविषयीचे धोरण आले होते. दुसरीपर्यंत गृहपाठ अजिबात नको. तिसरी ते पाचवीला आठवड्याला कमाल दोन तास. लक्षात घ्या, दिवसाला नव्हे, आठवड्याला. सहावी ते आठवीला दिवसाला कमाल एक तास आणि नववीपासून पुढे कमाल दोन तास. या सभागृहातील किती पालकांना हे ठाऊक आहे, हात वर करायला मी सांगत नाही. मुलगा चौथीत आहे आणि रोज दोन तास अभ्यासाला बसवतो, असे अभिमानाने सांगणारे पालक मला नेहमी भेटतात.

मोठ्या मुलांविषयी थोडे बोलतो. २०२० च्या दहावीच्या मुलांचा भूगोलाचा पेपर टाळेबंदीमुळे रद्द झाला. २०२१ मध्ये तर परीक्षाच झाली नाही. नववीचे गुण आणि अंतर्गत मूल्यमापन यांवर निकाल लागला, तो ९९.९५ टक्के. लोकांनी चेष्टा केली. 'कोरोना बॅच' असे नाव पडले. त्या मुलांपैकी कित्येकांनी वर्षभर मनापासून अभ्यास केला होता, हे कोणी विचारात घेतले नाही. २०२२ मध्ये पंचवीस टक्के अभ्यासक्रम कमी करून, वाढीव वेळ देऊन परीक्षा झाल्या, तेव्हा दोन वर्षे सलग तीन तास न लिहिलेल्या हातांना उत्तरपत्रिका पुरी करायची होती. त्या वर्षी जानेवारीच्या अखेरीस धारावीत विद्यार्थी रस्त्यावर उतरले. त्यांना कोणी चिथावले, यावर पुष्कळ चर्चा झाली. मुलांना भीती कशाची वाटत होती, यावर फार थोडी.

या भीतीकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदीनुसार २०२० मध्ये देशात १२,५२६ आणि २०२१ मध्ये १३,०८९ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. प्रत्येकाचे कारण अभ्यास होते असे कोणीही म्हणू नये; कारणे अनेक आणि गुंतलेली असतात. परंतु मूल बोलेनासे झाले की आपण सावध व्हावे. शाळेच्या वेळेलाच पोटात दुखणे, वही लपवणे, रात्री झोप न लागणे किंवा दिवसभर झोपणे, आवडीचा खेळ सोडणे, जेवणावरून वासना उडणे, क्षुल्लक कारणावरून संतापणे, ही लक्षणे दोन-तीन आठवडे टिकली तर 'नाटके करतो' म्हणून सोडून देऊ नका. 'मी नसलो तर बरे होईल' असे काही मूल बोलले, तर एक दिवसही थांबू नका. त्याला एकटे ठेवू नका, त्याचे ऐकून घ्या आणि डॉक्टरांकडे जा. शासनाच्या 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिथे चोवीस तास विनामूल्य बोलता येते, मराठीतही. मानसोपचारतज्ज्ञाकडे गेल्याने लोक काय म्हणतील, ही भीती आपल्या मध्यमवर्गीय घरांत अजून आहे. ताप आल्यावर आपण लोकांना विचारून औषध घेतो का?

मग करायचे काय? पालकांना माझे पहिले सांगणे असे की, 'गृहपाठ झाला का?' हा प्रश्न काही दिवस बाजूला ठेवा. त्याऐवजी 'आज कुठे अडलं?' असे विचारा. पहिल्या आठवड्यात उत्तर येणार नाही, कारण अडणे म्हणजे गुन्हा असे मुलाला वाटत आले आहे. वहीच्या समासात अडलेल्या जागी पेन्सिलीने एक फुली करायची मोकळीक त्याला द्या. जिथे फुली आहे ते उदाहरण अपुरे राहिले तरी चालेल, उतरवून काढलेले नको. ठरलेला वेळ संपला की वही मिटा. राहिले असेल तर आईने वहीत एक ओळ लिहावी, 'एक तास बसला, एवढे झाले, येथे अडले.' शिक्षकाला पन्नास भरलेल्या पानांपेक्षा ही ओळ अधिक सांगते. मुलाच्या बदल्यात स्वतः गृहपाठ लिहून देणाऱ्या माता-भगिनींना हात जोडून विनंती, तेवढे करू नका. आजी-आजोबा घरी असतील तर मुलाने आज शिकलेला धडा त्यांना मोठ्याने वाचून दाखवावा. रोज दहा मिनिटे पुरेत. जोडाक्षरे त्या वाचनातून सुधारतात. पाढेही घरात चारचौघांनी मिळून म्हणता येतात, दिवेलागणीला पूर्वी म्हणत असू तसे.

शिक्षक बंधू-भगिनींना उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. पटसंख्या, प्रशिक्षणे आणि माहितीचे तक्ते भरण्यात त्यांचा दिवस कसा जातो हे मी जाणतो. तरी एक सुचवतो. जेवढे तपासता येईल तेवढेच द्यावे. वीस उदाहरणांऐवजी चार द्या आणि रोज पाच-सहा मुलांना वही घेऊन जवळ बोलवा. त्याने उत्तर कसे काढले, ते त्याच्याच तोंडून ऐका. दहा दिवसांत वर्ग पुरा होतो, आणि कोणाचा कोणता दगड निसटला आहे ते हाती येते. ज्याची दुसरीची वजाबाकी राहिली आहे, त्याला सहावीतही दुसरीची वजाबाकीच गृहपाठाला द्यावी. त्यात अप्रतिष्ठा कसली?

हे अशक्य नाही, याला आधार आहे. ग्रामीण भागातील शासकीय शाळांत तिसरीच्या किती मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो, हे 'असर' तपासते. २०१८ मध्ये हे प्रमाण २०.९ टक्के होते, २०२२ मध्ये ते १६.३ पर्यंत घसरले आणि २०२४ मध्ये २३.४ पर्यंत वर आले. म्हणजे साथीपूर्वीपेक्षाही थोडे अधिक. शंभरातील तेवीस ही काही मिरवण्याजोगी संख्या नव्हे, पण पायाभूत वाचन-गणितावर भर दिल्यावर मुले उभी राहतात, एवढे त्यातून दिसते. वरच्या वर्गांत गेलेल्या मुलांच्या वाट्याला मात्र तो भर आलेला नाही. त्यांच्यासाठी वेगळी योजना कोणी आखील, याची वाट पाहण्याइतका वेळ त्यांच्यापाशी नाही.

म्हणून अभ्यासिका चालवणाऱ्या तरुणांकडे माझे विशेष मागणे आहे. तुमच्याकडे येणाऱ्या मुलांचा शाळेचा गृहपाठ पुरा करून देणे, हे आपले काम समजू नका. पहिला अर्धा तास सर्वांनी मिळून पाढे आणि प्रकट वाचन, मग गृहपाठ. सहावीच्या मुलाने तिसरीच्या मुलाला वाचून दाखवावे. मोठ्याची लाज झाकली जाते आणि धाकट्याला दादा मिळतो. फोनची सोय नसलेल्या घरांची यादी आपल्या वहीत असू द्या. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये कोल्हापूर-सांगलीला महापुराने काय केले, ते आपण पाहिले आहे. शाळा बंद पडायला महामारीच यावी लागते असे नाही. अशा वेळी कोणत्या मुलाच्या शेजारी कोण बसणार, हे आधीच ठरलेले असावे.

पुढच्या पालकसभेला येताना प्रत्येक पालकाने मुलाची एकच वही बरोबर आणावी, फुल्या असलेली. गुणपत्रक नको. शिक्षकांनी त्या सभेत सूचनांचे वाचन दहा मिनिटांत आटोपावे आणि उरलेला वेळ त्या फुल्यांना द्यावा.